विधी स्वयंसेवकाची घडण

कायदा माहीत नव्हता, ही सबब न्यायालयात चालत नाही. हे तत्त्व बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते. अपराध करणाऱ्याच्या बाबतीत ते योग्यही आहे. कारण तसे नसते, तर प्रत्येक अपराधी अज्ञानाच्या आड लपला असता. परंतु अज्ञानाची दुसरी बाजू क्वचितच विचारात घेतली जाते. कायद्याने दिलेल्या हक्कांचीच जाण नसेल, तर माणूस कोणताही अपराध न करता शिक्षा भोगत राहतो. पती वारल्यानंतर शेताच्या कागदावर आपले नाव लागू शकते हे ठाऊक नसलेली विधवा, जामीन मंजूर होऊनही तुरुंगातच राहिलेला मजूर, नोंदवलेल्या गुन्ह्याच्या खबरीची प्रत विनामूल्य मिळते हे माहीत नसल्याने पोलीस ठाण्यातून रिकाम्या हाताने परतलेला वृद्ध, अशी माणसे प्रत्येक तालुक्यात आढळतात. कायदा त्यांच्या बाजूचा आहे. पण तो त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नाही.

हे अंतर कमी करण्यासाठी समाजातील सामान्य माणसांनाच निवडून प्रशिक्षण देण्याची पद्धत भारतात रुजली आहे. अशा प्रशिक्षित व्यक्तीला ‘विधी स्वयंसेवक’ किंवा ‘पॅरालीगल’ असे म्हणतात. तिची निवड कशी होते, तिला काय शिकवले जाते आणि तिचे काम कोठे सुरू होऊन कोठे थांबते, हे समजून घेणे प्रत्येक नागरिकाला उपयोगाचे आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी

गरिबांना न्यायालयीन कामात मदत मिळावी, हा विचार स्वातंत्र्यापूर्वीचा आहे. मुंबईत १९२४ साली ‘बॉम्बे लीगल एड सोसायटी’ या संस्थेची स्थापना झाली होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेविषयक साहाय्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली. पुढे त्यांचेच पुत्र न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सर्वोच्च न्यायालयात या विचाराला मोठे बळ दिले.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३९-अ समाविष्ट झाले. आर्थिक किंवा अन्य दुबळेपणामुळे कोणीही नागरिक न्याय मिळवण्याच्या संधीला मुकू नये, यासाठी राज्याने विनामूल्य विधी साहाय्याची व्यवस्था करावी, असा या कलमाचा आशय आहे. तथापि घटनेत कलम आले म्हणून तुरुंगाची दारे उघडली नाहीत. १९७९ मध्ये बिहारमधील कच्च्या कैद्यांची विदारक स्थिती वृत्तपत्रातून उजेडात आली. ज्या गुन्ह्याचा आरोप होता त्या गुन्ह्याला असलेल्या जास्तीत जास्त शिक्षेपेक्षाही अधिक काळ काही जण खटला न चालताच तुरुंगात होते. वकील कपिला हिंगोरानी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. हे प्रकरण ‘हुसैनारा खातून’ या नावाने ओळखले जाते. खटला शीघ्र चालणे आणि गरीब आरोपीला वकील मिळणे, हे दोन्ही जीविताच्या मूलभूत हक्काचे भाग आहेत, असे न्यायालयाने त्यात सांगितले.

या विषयाचे मर्म १९८६ च्या ‘सुक दास’ प्रकरणात अधिक स्पष्ट झाले. अरुणाचल प्रदेशातील या आरोपीचा खटला वकिलाशिवायच चालला आणि त्याला शिक्षा झाली. आरोपीने वकील मागितला नव्हता, अशी सरकारी पक्षाची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य करून शिक्षा रद्द केली. देशातील बहुसंख्य लोक निरक्षर आहेत, त्यांना आपल्या हक्कांची माहिती नाही. तेव्हा ज्याला हक्क आहे हेच माहीत नाही, त्याने तो मागावा अशी अपेक्षा ठेवता येणार नाही, असा या निकालाचा आशय होता. हक्काची माहिती हक्कदारापर्यंत स्वतःहून नेली पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला. विधी स्वयंसेवकाची सारी कल्पना या एका धड्यावर उभी आहे.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. म्हणूनच ९ नोव्हेंबर हा ‘विधी सेवा दिन’ म्हणून पाळला जातो. या अधिनियमानुसार देशपातळीवर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण, राज्यात राज्य प्राधिकरण, जिल्ह्यात जिल्हा प्राधिकरण आणि तालुक्यात तालुका विधी सेवा समिती अशी रचना निर्माण झाली. रचना तालुक्यापर्यंत आली तरी तालुक्याच्या न्यायालयापासून पाड्यापर्यंत किंवा झोपडपट्टीच्या गल्लीपर्यंतचे अंतर उरतेच. ते पार करण्यासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना तयार केली.

निवड कोणाची होते?

या कामासाठी कायद्याची पदवी लागत नाही. दहावी उत्तीर्ण झालेली आणि विषय समजून घेण्याची कुवत असलेली व्यक्ती सामान्यतः पसंत केली जाते. शिक्षक, सेवानिवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, समाजकार्याचे विद्यार्थी, बचत गटातील महिला, सेवाभावी संस्थांचे कार्यकर्ते, कायद्याचे विद्यार्थी अशा अनेक गटांतून निवड होते. दीर्घ मुदतीची शिक्षा भोगणारे, सुशिक्षित आणि चांगल्या वर्तणुकीचे बंदीही तुरुंगातील अन्य बंद्यांसाठी विधी स्वयंसेवक होऊ शकतात. सहबंद्याचा अर्ज लिहून देणारा, त्याच्या खटल्याची पुढची तारीख समजावून सांगणारा माणूस त्याच बराकीत असणे, याचे मोल मोठे आहे.

निवड जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करते. इच्छुकांकडून अर्ज मागवले जातात आणि मुलाखती घेतल्या जातात. राजकीय पक्षाच्या सक्रिय सदस्याला हे काम करता येत नाही. कारण तक्रारदार कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न या कामात उपस्थितच होता कामा नये. हे पद म्हणजे नोकरी नव्हे. त्यासाठी मासिक वेतन नसते. नेमून दिलेल्या कामाच्या दिवसाचे मानधन मिळते. सेवाभाव हीच येथे पहिली पात्रता मानली जाते.

अभ्यासक्रमात काय असते?

निवड झालेल्यांना प्रथम प्रास्ताविक प्रशिक्षण दिले जाते आणि नंतर वेळोवेळी उजळणीचे वर्ग होतात. न्यायाधीश, वकील, कायद्याचे अध्यापक, समाजकार्यकर्ते आणि शासकीय अधिकारी हे वर्ग घेतात. सर्व कायदे पाठ करून घेणे हा त्यामागील हेतू नसतो. समोर आलेली अडचण कोणत्या प्रकारची आहे आणि तिच्यासाठी कोणते दार ठोठवावे, हे ओळखता यावे, एवढी तयारी अपेक्षित असते.

अभ्यासाची सुरुवात राज्यघटनेपासून होते. मूलभूत हक्क, मूलभूत कर्तव्ये आणि विशेषतः अटकेसंबंधीचे कलम २२ यांची ओळख करून दिली जाते. अटक झालेल्या व्यक्तीला अटकेचे कारण सांगितले पाहिजे, तिला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तिला दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले पाहिजे, या गोष्टी प्रशिक्षणार्थीला स्वतःच्या शब्दांत सांगता याव्या लागतात.

त्यानंतर न्यायालयांची रचना येते. दिवाणी आणि फौजदारी यांतील भेद, कुटुंब न्यायालय, ग्राहक आयोग, महसुली अधिकारी यांची कार्यक्षेत्रे समजावून दिली जातात. जमिनीची हद्द, उधारीची वसुली आणि मारहाण या तीन तक्रारी एकाच भांडणातून निघाल्या तरी त्यांच्या वाटा निराळ्या असतात. चुकीच्या कार्यालयात वर्षभर खेटे घालणाऱ्या माणसाचे वर्ष वाचवणे, हा या भागाचा प्रत्यक्ष उपयोग आहे.

पुढचा भाग दैनंदिन जीवनाशी निगडित कायद्यांचा असतो. विवाह, पोटगी आणि वारसा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम. त्याच वर्षीचा माहितीच्या अधिकाराचा अधिनियम. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक अधिनियम. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा अधिनियम. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचार रोखणारा १९८९ चा अधिनियम. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम, असा त्याचा विस्तार आहे.

देश एक असला तरी कागद सर्वत्र सारखे नसतात. जमिनीच्या नोंदीचा उतारा महाराष्ट्रात ‘सातबारा’ म्हणून ओळखला जातो, कर्नाटकात ‘पहाणी’ म्हणून, मध्य प्रदेशात ‘खसरा’ म्हणून, तर गोव्यात तो ‘नमुना १ व १४’ असतो. गोव्यात वारसा आणि पतिपत्नींची मालमत्ता यांविषयी पोर्तुगीज काळापासून चालत आलेला समान नागरी कायदा लागू आहे; त्यामुळे महाराष्ट्रातील उदाहरण तेथे जसेच्या तसे चालत नाही. म्हणून प्रशिक्षणात त्या त्या राज्याचे नियम आणि कागदपत्रे यांना वेगळे स्थान दिले जाते. इंदूर, बेळगाव, बडोदे किंवा पणजी येथे राहणाऱ्या मराठी भाषकाला हा भेद विशेष जाणवतो.

कायदा स्थिर नसतो, हीदेखील प्रशिक्षणातील एक महत्त्वाची शिकवण आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या जुन्या अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ लोकांच्या तोंडी बसले होते. नव्या संहितेत ते १०३ झाले. त्याचप्रमाणे २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारविषयक २९ केंद्रीय कायद्यांची जागा चार संहितांनी घेतली. एकदा शिकलेल्या माहितीवर आयुष्यभर विसंबून राहणारा स्वयंसेवक लोकांना चुकीची वाट दाखवण्याचा धोका असतो. म्हणूनच उजळणीचे वर्ग ऐच्छिक शोभेचे न राहता कामाचा आवश्यक भाग ठरतात.

विनामूल्य साहाय्य कोणाला?

विधी स्वयंसेवकाला जी माहिती सर्वाधिक वेळा सांगावी लागते, ती १९८७ च्या अधिनियमातील कलम १२ ची. विनामूल्य विधी साहाय्य कोणाला मिळू शकते, हे या कलमात दिले आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि बालके, दिव्यांग व्यक्ती, मानवी व्यापाराला किंवा वेठबिगारीला बळी पडलेल्या व्यक्ती, पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अथवा औद्योगिक दुर्घटना यांनी पीडित झालेले लोक, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांचा त्यात समावेश आहे. यांशिवाय ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या कोणालाही हे साहाय्य मागता येते. ती मर्यादा राज्याराज्यांत वेगवेगळी आहे.

येथे एक गैरसमज नेहमी आढळतो. उत्पन्नाची मर्यादा सर्वांनाच लागू आहे, असे मानले जाते. वास्तविक स्त्रिया, बालके किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना या साहाय्यासाठी उत्पन्नाचा दाखला द्यावा लागत नाही. पतीचे उत्पन्न चांगले आहे, म्हणून आपल्याला सरकारी वकील मिळणार नाही, असे समजून गप्प बसलेल्या स्त्रीला ही एक ओळ सांगणारे कोणी भेटले, तर तिचा पुढचा मार्ग बदलू शकतो. या साहाय्यात वकिलाची फी, न्यायालयीन शुल्क आणि कागदपत्रे तयार करण्याचा खर्च येतो. १५१०० या विनाशुल्क दूरध्वनी क्रमांकावरही त्याची चौकशी करता येते.

ऐकणे आणि लिहिणे

प्रशिक्षणातील सर्वांत कठीण भाग कोणता, असे विचारले तर कायद्याची कलमे हे त्याचे उत्तर नव्हे. दुःखी माणसाचे म्हणणे नीट ऐकणे आणि ते नेमके लिहून काढणे, हा खरा कठीण भाग आहे. संकटात सापडलेला माणूस घटना क्रमाने सांगत नाही. तो शेवटापासून सुरुवात करतो, मध्येच दहा वर्षांपूर्वीच्या भांडणाकडे वळतो, रडतो, थांबतो. त्याला तोडून प्रश्नांचा भडिमार केला, तर तो मिटून जातो. म्हणून प्रथम पूर्ण ऐकून घ्यावे आणि मग एकेक प्रश्न विचारून घटनेची सांगड घालावी, अशी पद्धत शिकवली जाते. त्यासाठी सराव घेतला जातो. एक प्रशिक्षणार्थी तक्रारदार होतो, दुसरा स्वयंसेवक. उरलेले निरीक्षण करतात.

समजा, घरातून बाहेर काढलेली एक स्त्री मदत मागण्यास आली आहे. तिचे म्हणणे एका प्रशिक्षणार्थीने असे लिहिले : “सासरच्या लोकांनी या भगिनीवर अनन्वित अन्याय केला असून तिला न्याय मिळावा.” वाक्यात सहानुभूती आहे, पण त्यावरून न्यायालयाला काहीच कळणार नाही. तीच हकिकत दुसऱ्याने पुढीलप्रमाणे लिहिली : “५ तारखेला रात्री सुमारे नऊ वाजता पती व दीर यांनी मारहाण करून घराबाहेर काढले. डाव्या मनगटाला दुखापत झाली. दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचार घेतले; त्याचा कागद सोबत आहे. चार वर्षांचा मुलगा पतीकडे आहे. लग्नातील दागिने घरातच राहिले. शेजारच्या बाईंनी आवाज ऐकला. त्याच घरात सुरक्षितपणे राहता यावे आणि मूल ताब्यात मिळावे, अशी अर्जदाराची इच्छा आहे.” या दुसऱ्या मजकुरात एकही विशेषण नाही. परंतु कोण, कधी, कोठे, काय, पुरावा कोणता आणि मागणी कोणती, हे सहाही मुद्दे त्यात आले आहेत. कौटुंबिक हिंसाचाराच्या अधिनियमाखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा वकिलाकडे जाताना हाच कागद उपयोगी पडतो.

शेवटचा मुद्दा, म्हणजे अर्जदाराची स्वतःची इच्छा, हा सहज सुटणारा असतो. ती स्त्री घरी परत जाऊ इच्छिते की वेगळे राहू इच्छिते, हे तिने ठरवायचे असते. स्वयंसेवकाने आपले मत तिच्या तोंडी घालणे हा तिच्यावरचा दुसरा अन्याय ठरतो. त्याचबरोबर तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गावात चर्चेचा विषय होणार नाही, याची जबाबदारीही स्वयंसेवकावर असते. गुप्तता पाळता न येणाऱ्याकडे दुसरी स्त्री कधी येणारच नाही.

अर्जलेखन हा याच भागाचा पुढचा टप्पा होय. वारस नोंदीसाठीचा अर्ज, माहिती अधिकाराचा अर्ज, विधी साहाय्याची मागणी करणारा अर्ज यांचे नमुने करून घेतले जातात. कोणाकडे अर्ज करायचा, सोबत कोणते कागद जोडायचे, पोच कशी घ्यायची आणि मूळ कागद कोणाच्याही हाती का द्यायचे नाहीत, हे बारकावे प्रत्यक्ष कामात कलमांहून अधिक उपयोगी पडतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे, ही मुदत ज्याच्याकडे पोच आहे त्यालाच मोजता येते.

पोलीस ठाणे आणि तुरुंग

अभ्यासक्रमात पोलीस ठाणे, न्यायालय, तुरुंग, बालगृह अशा ठिकाणांच्या भेटींचाही अंतर्भाव केला जातो. ज्या इमारतींची सामान्य माणसाला धास्ती वाटते, त्यांचे कामकाज जवळून पाहिल्याशिवाय दुसऱ्याची धास्ती दूर करता येत नाही.

दखलपात्र गुन्ह्याची खबर दिल्यावर पोलिसांनी ती नोंदवली पाहिजे आणि तिची प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य दिली पाहिजे. गुन्हा त्या ठाण्याच्या हद्दीत घडलेला नसला तरी खबर घेता येते, ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्टपणे करण्यात आली आहे. ठाण्यात नोंद घेण्यास नकार मिळाला, तर तीच खबर लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तरीही दखल घेतली गेली नाही, तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. हा क्रम माहीत असलेली व्यक्ती सोबत असली, की तक्रारदाराचा आवाज आपोआप स्थिर होतो. हरवलेल्या मुलांच्या तक्रारींकडे ठाण्यात नीट लक्ष दिले जाते की नाही हे पाहण्यासाठी विधी स्वयंसेवकांची मदत घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुचवले होते.

अटकेच्या प्रसंगी भाषेचा प्रश्नही गंभीर असतो. रोजगारासाठी परराज्यात गेलेल्या मजुराला तेथील भाषा वाचता येत नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी कर्नाटकात जाणारा कामगार असो किंवा बिहारमधून पुण्यात आलेला बांधकाम मजूर असो, त्याच्या हाती दिलेला कागद त्याला कळला नाही तर तो दिल्याचा उपयोग काय? अटकेची कारणे अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये एका निकालात सांगितले. ते प्रकरण महाराष्ट्रातूनच आलेले होते. दोन भाषा जाणणारा स्वयंसेवक अशा वेळी किती उपयुक्त ठरतो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

तुरुंगातील काम याहून नाजूक आहे. जामीन मंजूर झाला, तरी जामीनदार मिळत नाही म्हणून अनेक गरीब बंदी आतच राहतात. जामीनपात्र गुन्ह्यातील आरोपी अटकेनंतर आठवडाभरात जामीनदार देऊ शकला नाही, तर तो निर्धन आहे असे मानून त्याला केवळ त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडता येते, अशी कायद्यात तरतूद आहे. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याच्या सुटकेची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे; इतरांच्या बाबतीत हा काळ निम्म्या शिक्षेइतका आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना मात्र हा लाभ मिळत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याविषयी आणखी एक निर्देश दिला. जामीन मंजूर झाल्यापासून सात दिवसांत बंद्याची सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे आणि सचिवाने विधी स्वयंसेवकाला किंवा तुरुंगाला भेट देणाऱ्या वकिलाला त्या बंद्याकडे पाठवावे, असे त्याचे स्वरूप आहे. स्वयंसेवक बंद्याला भेटतो, अडचण विचारतो, घरच्यांचा पत्ता शोधतो, शिधापत्रिका किंवा अन्य कागद मिळवण्यास साहाय्य करतो. कामे लहान आहेत. पण ती झाली नाहीत, तर न्यायालयाचा आदेश फाइलीतच राहतो.

तडजोडीची वाट

प्रत्येक भांडण न्यायालयात लढवलेच पाहिजे, असे नाही. लोकअदालत, मध्यस्थी आणि समुपदेशन या मार्गांची माहिती देणे हेही विधी स्वयंसेवकाचे काम आहे. लोकअदालतीत दोन्ही पक्षांच्या संमतीने तडजोड होते. तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील करता येत नाही. आधी भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. तडजोड झाली नाही, तर प्रकरण पुन्हा मूळ न्यायालयात जाते.

यातील धोकाही प्रशिक्षणात समजावून दिला जातो. अपील नाही, याचा अर्थ सही करण्यापूर्वी अटी पूर्ण समजल्या पाहिजेत. दोन पक्षांपैकी एक बलवान आणि दुसरा दुबळा असेल, तर ‘तडजोड’ या नावाखाली दुबळ्याला गप्प बसवले जाऊ शकते. तसेच कायद्याने तडजोडीस अपात्र ठरवलेले गुन्हे लोकअदालतीत मिटवता येत नाहीत. बालकावरील लैंगिक अत्याचार गावकीच्या बैठकीत दडपून टाकण्याचा प्रयत्न झाला, तर त्या बैठकीत सामील न होता संबंधित यंत्रणेला कळवणे हेच कर्तव्य असते.

मर्यादांचे भान

विधी स्वयंसेवक म्हणजे वकील नव्हे. १९६१ च्या वकील अधिनियमानुसार वकिली करण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत वकिलालाच आहे आणि अनधिकृतपणे वकिली केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. म्हणून स्वयंसेवक न्यायालयात युक्तिवाद करत नाही, वकीलपत्र घेत नाही आणि खटल्याच्या निकालाची हमी देत नाही. “हा खटला आपणच जिंकणार,” हे वाक्य त्याच्या तोंडी कधीही येऊ नये. जे माहीत नाही ते विचारून सांगण्याची तयारी त्याच्याजवळ असावी लागते.

दुसरी मर्यादा पैशाची आहे. मदत मागण्यास आलेल्या व्यक्तीकडून कोणत्याही स्वरूपात पैसे किंवा भेटवस्तू घेणे निषिद्ध आहे. गरजू माणसे उपकाराच्या भावनेने काहीतरी देऊ करतात. तेही नम्रपणे नाकारावे लागते. पदाचा गैरवापर करणाऱ्याचे नाव यादीतून काढून टाकले जाते. विधी सेवा प्राधिकरणाने दिलेले ओळखपत्र हे अधिकार गाजवण्याचे साधन नसून, या व्यक्तीवर विश्वास ठेवता येईल याची ती खूण असते.

या मर्यादांमुळे काम उणे होत नाही. गावातील आरोग्यसेविका शस्त्रक्रिया करत नाही. तरीही रुग्णाला वेळेवर रुग्णालयात नेण्याने जीव वाचतो. विधी स्वयंसेवकाचे स्थानही असेच आहे. योग्य माणसाला योग्य वेळी योग्य दारापर्यंत नेणे, हे त्याचे कौशल्य. आत गेल्यावरचे काम वकिलाचे आणि निर्णय न्यायाधीशाचा.

पुढील वाटा

विधी स्वयंसेवक म्हणून सेवा करताना अनेकांना पुढे शिकण्याची इच्छा होते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने पॅरालीगल कामाचा पदविका अभ्यासक्रम तयार केला. भारतीय न्यायव्यवस्थेची ओळख, दुर्बल घटक आणि कायदा, ग्रामीण स्थानिक स्वराज्य असे विषय त्यात समाविष्ट होते. अशा अभ्यासाचा उपयोग वकिलांच्या कार्यालयात, सामाजिक संस्थांत आणि कामगार संघटनांतही होतो. शिक्षण मध्येच सुटल्यानंतर मुक्त शिक्षणातून दहावी-बारावी पूर्ण करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला हा मार्ग विशेष जवळचा वाटावा. कार्यालयांच्या खिडकीपुढे ताटकळणे, न समजणारा कागद हाती येणे, कोणाला विचारावे हे न कळणे, या गोष्टींचा अनुभव ज्याने घेतला आहे, तो दुसऱ्याची अडचण लवकर ओळखतो. तो अनुभव पुस्तकातून मिळत नाही.

प्रशिक्षण घेण्याची इच्छा असलेल्या व्यक्तीने आपल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. निवडीची सूचना निघाल्यावर तेथे अर्ज करता येतो. ज्याला स्वयंसेवक व्हायचे नाही, त्यानेही या कार्यालयाचा पत्ता माहीत करून घ्यावा. घरात, शेजारी किंवा कामाच्या ठिकाणी कोणावर तरी तो उपयोगी पडण्याची वेळ येते. आणि त्या वेळी पत्ता सांगणारी व्यक्तीच त्या माणसासाठी कायद्याचे पहिले दार उघडते.